बॅटी लिहानचं मधाचं कपाट

माझा मेव्हणा बॅटी लिहान याने जन्मात कुणाला काही विचारलं नाही. त्याला मनातून काही वाटायला लागलं की तो काहीतरी बांधायला घेतो. राग आला तर कुंपण, दुःख झालं तर कोंबड्यांचं खुराडं. त्याची आई गेली तेव्हा मी स्मशानातून परत आले, तर हा काळ्या सुटात परसात उभा राहून सिमेंट कालवत होता.

१९७३ साली त्याला माझी धाकटी बहीण नोरीन आवडायला लागली. दुसऱ्या कुणी तिला नाचायला नेलं असतं. या गृहस्थाने आईच्या घरामागे नवं न्हाणीघर बांधलं, आणि एका रविवारी मिस्सा संपल्यावर चर्चच्या फाटकाशी तिला गाठून म्हणाला, "फरशी हिरवी बसवू की निळी?"

नोरीन म्हणाली, "निळी." पुढच्या वर्षी लग्न झालं. मागणी घातली असेल तर ती एवढीच. नोरीन हे सगळ्यांना हसत हसत सांगायची. हसणं कधी बंद झालं ते मात्र माझ्याही लक्षात आलं नाही.

चौतीस वर्षं त्याने आमच्या ड्रमकेरा गावाच्या डेअरीची दुधाची लॉरी चालवली. एका मे महिन्यात मधमाश्यांचं मोहोळ उठून त्याच्या लॉरीच्या आरशावर येऊन बसलं. माणसं पळाली. बॅटीने काच वर केली, ताशी दहा मैलांनी लॉरी घरी आणली आणि माश्या एका खोक्यात भरल्या. डेअरीत दूध पोचायला तीन तास उशीर झाला म्हणून डेअरीवाल्यांनी त्याला फैलावर घेतलं. तो ऐकून घेऊन घरी आला आणि त्याने दुसरं खोकं बांधलं. आता त्याच्या परसात अकरा पेट्या आहेत.

पेट्यांचं कौतुक मलाही आहे, मध तर फुकट मिळतो. पण आमच्या पश्चिम कॉर्कमधला ऑगस्ट म्हणजे कसा, पाऊस, गार वारा आणि अंगात लोकरीचा स्वेटर. माश्या बिचाऱ्या ब्लॅकबेरीच्या फुलांवर मरमर मरून मध करतात, आणि तो काढायची वेळ येते तेव्हा थंडीने असा घट्ट झालेला असतो की चौकटी यंत्रात घालून कितीही गरगरा फिरवा, पोळ्यातून थेंब सुटत नाही. म्हणून मधाच्या चौकटी भरलेली ती उथळ खोकी, त्यांना हे लोक कोठ्या म्हणतात, दोन दिवस उबेत ठेवावी लागतात. अडतीस अंश. कमी झालं तर मध हलत नाही, फार वाढलं तर मेण वितळतं आणि सगळ्याची खिचडी होते.

आमच्याकडे प्रत्येक घरात अशी ऊब एकाच ठिकाणी असते, ती म्हणजे गरम पाण्याच्या टाकीभोवतीच्या कपाटात. आणि ते कपाट घरातल्या बाईचं असतं. तिथे चादरी, टॉवेल, बाळंतविड्याचे कपडे, सगळं उबेत, घडी करून. नवऱ्याने त्यात हात घालायचा नसतो. बॅटी तीस वर्षं दर ऑगस्टमध्ये त्यात मधाच्या चार कोठ्या घालत आला. नोरीन तीस वर्षं चादरी पलंगावर रचून ठेवत आली.

दोन हजार पंधराच्या ऑगस्टात वरच्या कोठीतलं एक पोळं फुटलं. मध रात्रभर फळ्यांमधून खाली झिरपला, आणि सगळ्यांत खालच्या फळीवर, पातळ कागदात गुंडाळून ठेवलेल्या बाप्तिस्म्याच्या झग्यावर साचला. तो झगा आमच्या पणजीने विणलेल्या लेसचा. त्यात आमची आई, आम्ही दोघी, आमची मुलं, सगळी नामकरणाला किंचाळलेली. नोरीनने सकाळी तो उचलला तर मधाची तार फळीपर्यंत लांबली.

बॅटीने ते पाहिलं. एवढ्या मोठ्या आयुष्यात त्याने एक वाक्य गिळायला हवं होतं, ते हे. तो म्हणाला, "मध पाण्यात विरघळतो. धुतला की झालं."

आता, खरं सांगायचं तर मध पाण्यात विरघळतोच. झगा कोमट पाण्यात दोनदा बुडवला आणि पहिल्यासारखा झाला. पण तोवर नोरीन तिची बॅग आणि तिचा रेडिओ घेऊन माझ्या दारात उभी होती.

"किती दिवस?" मी विचारलं.

"त्याला अक्कल येईपर्यंत," ती म्हणाली.

मी मनात म्हटलं, मेले मी.

मी विधवा बाई. बारा वर्षं एकटी राहिलेय आणि मला ते झकास जमतं. नोरीनने पहिल्या दिवशी माझे चमचे दुसऱ्या खणात ठेवले. दुसऱ्या दिवशी माझ्या चहात साखर किती असावी ते ठरवलं. रोज सकाळी नऊला तिचा रेडिओ खणखणीत आवाजात जिल्ह्यातल्या मयतांची यादी वाचायचा, आणि ती टोस्ट खाता खाता शेरे मारायची. "टिमी गेला? चांगलं झालं, त्याच्या बायकोला आता स्वयंपाकघराला रंग तरी देता येईल." चौथ्या दिवशी त्या यादीत स्वतःचं नाव ऐकायची माझी तयारी झाली होती.

बॅटी रोज फोन करायचा. मी उचलायचे.

"फिल, बटाट्याची सोलणी कुठे असते?"

"दुसऱ्या खणात. अरे, तिच्याशी बोल ना."

"आहे का ती?"

"इथेच उभी आहे. कान लावून."

"मग तिला विचार, जुने मोजे कुठे असतात."

नोरीन फोनकडे पाठ करून म्हणायची, "त्याला म्हणावं, एक्केचाळीस वर्षं वस्तू कुठे आहेत तेवढंच विचारलंस. मी कुठे आहे ते विचारलंस का कधी?" मी हे सगळं फोनवर शब्दन् शब्द सांगायचे. मग बॅटी म्हणायचा, "बरं. मोजे सापडले."

अक्कल येणं दूरच, तो नुसता ती परत यायची वाट बघत बसणार, ती त्याने विचारायची वाट बघत बसणार, आणि माझे चमचे तिसऱ्या खणात जाणार. सहाव्या दिवशी मी गाडी काढली आणि त्याच्याकडे गेले.

गॅरेजमध्ये तो एका मेलेल्या फ्रिजच्या आत गुडघ्यांवर बसला होता. फक्त बूट बाहेर.

"हे काय चाललंय?"

"मधाचं कपाट," आतून आवाज आला. "वेगळं. तिच्या कपाटात पुन्हा मध जायचा नाही."

मला एकदम त्याची दया आली आणि लगेच रागही आला. बायको निघून गेलीय आणि हा फ्रिज दुरुस्त करतोय. पण मी त्याला ओळखते. त्याच्या भाषेत हे गुडघे टेकणंच होतं. मी कोट काढून ठेवला आणि म्हटलं, "काय धरू?"

फ्रिज म्हणजे ऊब धरायला उत्तम वस्तू. तिला गार आणि गरम यांतलं काही कळत नाही, आत असेल ते ती आत ठेवते. जाळीचे कप्पे काढले, तळाशी बिस्किटांचा जुना डबा उपडा ठेवला, म्हणजे मध दिव्यांवर ठिबकायला नको. त्याच्याखाली चार बल्ब. वर कोठ्या एकावर एक. कोंबडीची अंडी उबवायच्या यंत्रातला तापमानाचा खटका काढून बॅटीने मधोमध लटकवला, अडतीस झालं की दिवे बंद. वायरी आत घ्यायला दाराचं रबर कापलं, आणि वाफ जायला वरून आठ भोकं पाडली. त्या भोकांना जाळी लावायची राहिली. मी पाहिलं होतं ते. मला वाटलं, तीस वर्षं माश्या पाळतोय, त्याला कळत असेल.

दिवे लावून दार बंद केलं. दुसऱ्या दिवशी उघडलं तर आत असा लख्ख उजेड की पाप्याचाही उद्धार व्हावा. तापमान बारा अंश. बाहेर तेरा होतं.

"बल्ब नवे आणलेस?" मी विचारलं.

"दुकानातून. आता हेच मिळतात."

"अरे मेल्या, या नव्या बल्बांत ऊब नसते! म्हणून तर वीज वाचते!"

बॅटीने एक बल्ब मुठीत धरून पाहिला. "मग त्यांचा उपयोग काय?" तो म्हणाला. त्याच्या दृष्टीने दिवा म्हणजे ऊब, उजेड वरचा फुकट.

जुने तारेचे बल्ब सरकारने केव्हाच बंद केलेत. आम्ही तीन गावं पालथी घातली. शेवटी बॅटीला आठवलं की तसले बल्ब एकाच ठिकाणी आहेत. चर्चमध्ये, पापाची कबुली द्यायच्या लाकडी खोक्यांत. चर्चचं घड्याळ तोच लावतो, किल्ली त्याच्याकडेच. शुक्रवारी दुपारी तो आत गेला, चारी जुने बल्ब काढले आणि त्यांच्या जागी आपले नवे लखलखीत बसवले. चोरी नव्हे, अदलाबदल, असं तो म्हणतो.

शनिवारी संध्याकाळी मी कबुलीला गेले. आत गुडघे टेकले, जाळीपलीकडची पट्टी सरकली, आणि चाळीस वर्षांत प्रथमच मला आत बसलेले फादर मलाकी दिसले. मांडीवर शब्दकोडं. हातात पेन्सिल. अर्धं सोडवलेलं.

"फादर!" मी म्हटलं.

"फिलोमिना," ते म्हणाले, डोळे किलकिले करून. "हा उजेड कुणी केला?"

"ते मला नाही सांगता येणार."

"तू कबुलीला आली आहेस ना?"

"मी माझ्या पापांची कबुली द्यायला आलेय. त्याच्या नव्हे."

त्यांनी उसासा टाकला. "बॅटीला सांग, मध द्यायचा मला. आणि नऊ अक्षरी शब्द, हट्टी माणूस, तुला सुचतोय का काही?" मला एक सुचला पण तो चर्चमध्ये म्हणण्यासारखा नव्हता.

त्या चार पापी बल्बांनी काम केलं. रविवारी सकाळी कपाटात अडतीस अंश, काट्यावर. आठ कोठ्या आत. सोमवारी मी नोरीनला म्हटलं, "चल, निदान बघून तरी ये. त्याने बांधलंय तुझ्यासाठी."

"माझ्यासाठी नव्हे. मधासाठी."

"बघून मग ठरव ना."

ती आरशासमोर उभी राहिली. आपला चांगला स्कार्फ बांधला.

अकराला येतो असं बॅटीला कळवलं होतं. आता त्या दिवशी काय झालं ते मला नंतर कळलं, पण इथेच सांगते. महिन्याभरात पहिल्यांदाच ऊन पडलं होतं. बॅटीने दाढी केली. लग्नातला सूट घातला, टाय लावला. फ्रिजचं दार ओल्या फडक्याने पुसलं. आणि रस्त्यावरून येताना गाडीतूनच नोरीनला कपाट दिसावं म्हणून त्याने गॅरेजचं दार सताड उघडं ठेवलं आणि स्वतः फाटकापाशी जाऊन रस्त्याकडे डोळे लावून उभा राहिला.

मध काढणाऱ्या कुणाचंही दूधपितं पोर सांगेल की मधाच्या खोलीचं दार उन्हात उघडं टाकायचं नाही. ऑगस्ट संपताना फुलं संपलेली असतात, माश्या उपाशी आणि चिडलेल्या. एका माशीला मधाचा वास लागला की ती परत जाऊन सगळ्यांना सांगते. आणि बॅटीच्या कपाटातून आठ भोकांनी ऊन ऊन मधाची वाफ बाहेर येत होती. त्याच्या अकराही पेट्यांतल्या माश्या आल्या. डोंगरापलीकडच्या डेनिस कोकलीच्या आल्या. मला वाटतं पाद्रीवाड्यातल्याही आल्या.

आम्ही वळणावर आलो तेव्हा मला गॅरेजचं तोंड काळं दिसलं. मला वाटलं आग लागली. काच खाली केली तर घोंगावणं ऐकू आलं, आणि नोरीन म्हणाली, "आई गं, माश्या मध लुटताहेत."

बॅटी आत होता. माश्यांची जाळी नाही, हातमोजे नाहीत, लग्नाचा सूट. भोकांवर दोन्ही तळवे ठेवून उभा होता, आठ भोकं आणि दोन हात. माश्या त्याच्या बाह्यांतून आत, पँटीतून वर. तो ओरडतही नव्हता.

मी गाडीतच थांबले. मी शूर बाई नाही, हे लिहून ठेवायला मला लाज वाटत नाही. नोरीन उतरली, स्कार्फ तोंडावर ओढला आणि घरात धावली. मला वाटलं घाबरून गेली. ती बाहेर आली तेव्हा तिच्या हातात चादरी होत्या. आपल्या त्या कपाटातल्या. वरच्या नव्हेत, खालच्या, जाड तागाच्या, कडेला वेलबुट्टी भरलेल्या, ज्या बिशप जेवायला आले तेव्हासुद्धा तिने काढल्या नव्हत्या. तिने त्या सगळ्याच्या सगळ्या पावसाच्या पाण्याच्या पिंपात कोंबल्या.

"फिल! उतर! टोक धर!"

उतरावंच लागलं. एक ओली चादर तिने डोक्यावर घेतली, आत शिरली, नवऱ्याचा टाय धरला आणि बैल ओढावा तसा त्याला बाहेर ओढला. दुसरी चादर फ्रिजवर टाकली. बटण बंद केलं. मग आम्ही दोघींनी गॅरेजचं दार खाली ओढलं आणि फटी दिसतील तिथे ओल्या चादरी कोंबल्या. माश्यांना ओलं कापड आवडत नाही. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं, एक्केचाळीस वर्षं स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघून तिला ठाऊक होतं. मला चार चावल्या. एक अशा ठिकाणी की ते फादर मलाकींनाही सांगणार नाही.

स्वयंपाकघरात बॅटी खुर्चीत बसला होता आणि नोरीन नखाने त्याच्या चेहऱ्यातले काटे खरवडून काढत होती. वरचा ओठ सुजून सलगमाएवढा झाला होता. एक डोळा मिटला होता. तिने सत्तावीस काटे काढले.

"मी कपाट बांधलं," तो शेवटी म्हणाला.

"दिसलं."

"आता तुझं कपाट तुला मोकळं."

"बरं."

मी दोन मिनिटं दम धरला, मग माझा तोल गेला. "अरे मेल्या, विचार की तिला!"

"काय विचारू?"

"काय विचारू म्हणजे? बाई सतरा दिवस माझ्या खणांत चमचे हलवतेय, कशासाठी असं वाटतं तुला?"

बॅटीने उघड्या डोळ्याने नोरीनकडे पाहिलं. तो माणूस एवढा घाबरलेला मी माश्यांतही पाहिला नव्हता. "येतेस का?" तो म्हणाला.

"कुठे?"

"घरी."

"मी आत्ता घरातच बसलेय."

"तसं नव्हे." त्याने टायची गाठ सैल केली. "नोरीन, घर खायला उठतं गं."

माझ्या बहिणीचा हात त्याच्या गालावर थांबला. मला वाटलं आता रडेल, आणि मी पिशवी उचलली, कारण आता चमचे माझे होते. पण ती नुसती अठ्ठाविसावा काटा काढून म्हणाली, "एक्केचाळीस वर्षांचं एकदा विचारून भागत नाही. शनिवारपर्यंत रोज विचार. मग बघते."

आणि ती माझ्या गाडीत येऊन बसली.

मंगळवारी संध्याकाळी सहाला फोन वाजला. तिने माझ्या हातातून हिसकावून घेतला. "बोल... हं... बघते." आणि ठेवला. कानापर्यंत लाल झाली होती, सहासष्ट वर्षांची बाई. बुधवारी त्याने विचारलं आणि लगेच डबा उघडायचं यंत्र कुठे असतं तेही विचारलं, तर तिने फोन आदळला. दोन मिनिटांत पुन्हा वाजला. या वेळी डबा नव्हता. गुरुवारी विचारून झाल्यावर दोघांपैकी कुणीच फोन ठेवेना. दहा मिनिटं दोघं एकमेकांचा श्वास ऐकत बसले, आणि मला डॉक्टरकडे फोन करायचा होता. शुक्रवारी तो काय बोलला ते मला ऐकू आलं नाही. ती जिन्याच्या पायरीवर बसून ऐकत होती आणि मध्येच म्हणाली, "मलासुद्धा." मी स्वयंपाकघरात जाऊन भांडी घासली. स्वच्छ होती ती.

मला हेवा वाटला, हे सांगून टाकते. माझा नवरा बोलका होता, दिवसभर बोलायचा, पण असं त्याने मला पाच दिवस रोज विचारलं असतं की नाही, मला माहीत नाही.

शनिवारी सकाळी मयतांची यादी चालू असताना दारावरची घंटा वाजली. आम्ही दोघी दचकलो. आमच्याकडे माणसं मागच्या दाराने येतात, हाक मारत, न ठोकता. पुढचं दार फादरांसाठी आणि शवपेटीसाठी. माझं पुढचं दार माझा नवरा गेला त्यानंतर उघडलंच नव्हतं, त्याच्यापुढे शिवणयंत्र, त्यावर कुंड्या.

पडद्याच्या फटीतून पाहिलं. लग्नाचा सूट, इस्त्री केलेला. ओठ जवळजवळ मूळच्या आकाराचा. हातात काही नाही. मधाची बाटलीसुद्धा नाही.

"मागून ये म्हणून सांगते," मी म्हटलं.

"खबरदार," नोरीन म्हणाली. "यंत्र धर त्या बाजूने."

दोघींनी कुंड्या उतरवल्या, शिवणयंत्र ओढलं. कडी गंजली होती, ती मी हातोडीने ठोकून काढली. तो तेवढा वेळ बाहेर उभा राहिला, पाऊस येत असूनही. दार उघडलं तेव्हा त्याने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"नोरीन," तो म्हणाला, "घरी येतेस का?"

"कोट घेऊन येते," ती म्हणाली.